गुरूवर जमीन नाही

गुरूवर उभं राहता येत नाही, हे मला पहिल्यांदा माझ्या वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं. आम्ही दोघी तेव्हा नववीत होतो. धारूरच्या डोंगराला लागून आमचं गाव, गावात दहावीपर्यंतची शाळा, आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी आला नव्हता. पुढे मी पदार्थविज्ञानाची प्राध्यापिका झाले, अंबाजोगाईला कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. वायुरूप ग्रहांचा भाग आला की दरवर्षी मुलांना सांगायची, हे मी पुस्तकातून नाही, एका मैत्रिणीकडून शिकले. मुलांना ते आवडायचं. त्याच्या पुढचं मी कधी सांगितलं नाही.

ती मेंढपाळाच्या घरची. पाऊस नसला की दिवाळीनंतर तिचा बाप कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला, गेवराईकडे उतरायचा. मग तीही महिना-दोन महिने शाळेतून गायब. परत आली की माझ्या वह्या मागून घ्यायची. उतरून घेता घेता मध्येच थांबून काहीतरी विचारायची, आणि पुष्कळदा ते मला लिहिताना सुचलेलंही नसायचं. मी म्हणायची, "सरांनी सांगितलं तसं लिही की." ती लिहायची, पण तिचं समाधान झालेलं नसायचं.

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, गावच्या सोसायटीचे चेअरमन होते आणि खाली उसाच्या पट्ट्यातल्या एका सहकारी कारखान्यावर संचालक. टँकर गावात शिरला की आधी आमच्या दारात थांबायचा, मग पुढे जायचा. त्यात काही वावगं आहे असं मला त्या वयात वाटत नव्हतं.

त्या साली उभा ऊसच नव्हता, त्यामुळे कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला. कारखान्यानं भागातल्या शाळांसाठी विज्ञानाची प्रश्नमंजुषा ठेवली. पहिल्या येणाऱ्या मुलीला कारखान्याच्या वसतिगृहात जागा, बारावीपर्यंतचं शिक्षण आणि जेवणखाण फुकट. वसतिगृहाच्या बोअरला तेव्हाही पाणी होतं. आमच्या शाळेतून दोघींना पाठवायचं ठरलं, तिला आणि मला. मला त्या जागेची गरज नव्हती. आबा मला कुठेही ठेवू शकले असते. हे मला तेव्हाही कळत होतं.

तयारी आम्ही शाळेच्या ओट्यावर बसून करायचो. पुस्तकात ग्रहांचा तक्ता होता. मी पाठ करत होते: गुरूचा दिवस दहा तासांचासुद्धा नाही, त्याचे चंद्र किती, शनीची कडी कशाची. ती मात्र दोनच रकान्यांवर बोट ठेवून बसली होती.

"हे बघ," ती म्हणाली, "गुरूच्या पोटात पृथ्व्या किती मावत्यात? तेराशे. आन वजन किती? तीनशे अठरा पृथ्व्यांचं."

"मग?"

"आगं, पृथ्वी दगडाची हाय. गुरूबी दगडाचा असता तर तेराशे पृथ्व्यांचं तरी वजन भरलं असतं का न्हाई? हे जवारीचं पोतं न्हाई. लोकरीचं हाय."

त्यांच्या घरी दोन्ही पोती असत. सारख्याच मापाची. एक उचलायला दोन माणसं लागत, दुसरं ती एकटी पाठीवर टाकून न्यायची. मला ते लगेच पटलं, आणि पटलं याचाच थोडा रागही आला.

"शनी तर लईच हलका," ती पुढे म्हणाली. "साडेसातशे पृथ्व्या मावत्यात आन वजन पंच्याण्णव. पाण्यात टाकला तर वर तरंगंल."

एवढं पाणी आणायचं कुठून, या विचारानं आम्ही दोघी खूप हसलो. गावच्या विहिरीचा तळ त्या दिवसांत उन्हात भेगाळलेला दिसत असे.

"मग कशाचा असंल तो?" मी विचारलं.

"दगडाचा न्हाई एवढं नक्की. हवेचाच असंल. मंग त्याच्यावर उभं कसं ऱ्हानार? तुज्या मामाच्या पुस्तकात बघ ना."

पुण्याच्या मामानं मला ग्रहताऱ्यांचं एक जाड पुस्तक दिलं होतं. त्याच संध्याकाळी मी ते उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे खडकाचे ग्रह. त्यांना कवच आहे, त्यावर पाय ठेवता येतो. गुरू आणि शनी हे बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियम या सगळ्यांत हलक्या वायूंचे गोळे. वरून आपल्याला दिसतात ते ढगांचे पट्टे. खाली जावं तसा वायू स्वतःच्याच भारानं दाट होत जातो, इतका की हळूहळू द्रवासारखा होतो; पण इथे हवा संपली आणि इथे जमीन सुरू झाली, अशी रेघ कुठेच नाही. मी ते पान दोनदा वाचलं. नववीतल्या एका मुलीनं तक्त्यातल्या दोन आकड्यांवरून हे ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "बघितलंस का?"

"अजून न्हाई," मी म्हणाले. स्पर्धेत हा प्रश्न आला तर उत्तर मला एकटीला खात्रीनं माहीत असावं, एवढाच हेतू होता. तेव्हा ते मला खोटं बोलणं वाटलंही नाही. न सांगणं वाटलं.

स्पर्धा कारखान्याच्या सभागृहात झाली. पुढच्या रांगेत संचालक मंडळी, त्यांत आबा. मागे शाळांची मुलं, शिक्षक, आणि काम नसल्यामुळे येऊन बसलेले कारखान्याचे कामगार. शेवटी आम्ही दोघीच उरलो, गुणही सारखे. परीक्षक कारखान्याच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे सर होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी शेवटचा प्रश्न वाचला, "गुरूच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसाचं वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या किती पट भरेल?"

पाळी तिची होती. ती उठली. परकराच्या काठाला दोन्ही हात पुसले.

"उभंच ऱ्हाता यायचं न्हाई, सर. तिथं जमीन न्हाई."

सभागृह हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "गुरूवर सातबारा न्हाई म्हन की बे," आणि मग संचालकही हसले. आबाही हसले.

सर हसत हसतच म्हणाले, "जमीन नाही? मग एवढे चंद्र कुणाभोवती फिरतात, बाळ? हवेभोवती?"

"सर, तक्त्यात वजन बघा ना..." ती सांगायला लागली. तेवढ्यात घंटा वाजली. तिची वेळ संपली होती.

सर माझ्याकडे वळले. "तुम्ही दोघी एकाच शाळेच्या. शाळेत असं शिकवलंय का?"

"न्हाई, सर," मी म्हणाले. ते खरंच होतं. शाळेत शिकवलेलं नव्हतं.

"मग उत्तर?"

"अडीच पट."

टाळ्या पडल्या. ती उभीच होती. बसायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. ते अडीच पट ढगांच्या वरच्या थराला धरून काढलेलं असतं, जमिनीला धरून नाही, हे मी खूप पुढे शिकले. म्हणजे आकडा माझा बरोबर होता आणि उत्तर तिचं.

बाहेर आल्यावर आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जेवढं विचारलं तेवढंच बोललीस. हे जमलं पायजे." सहकारातल्या माणसाची ती मोठी शाबासकी होती. मला ती गोड लागली, हेही लिहिलं पाहिजे.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागे समोरासमोर बसलो होतो. घाट लागल्यावर ती म्हणाली, "तू ते पुस्तक घरी जाऊन बघशील का? मी खरं बोलले का खोटं, एवढंच सांग. जागा तुलाच ऱ्हाऊ दे."

जागा तुलाच राहू दे, असं ती स्वतःहून म्हणाली. एवढं सगळं सोपं करून दिलं होतं तिनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या दारात आली. उंबऱ्याच्या आत ती कधी येत नसे. मी ट्रंकेत कपडे भरत होते, ते सोडून बाहेर गेले. आईनं तिला पाणी दिलं. तिनं तांब्या रिकामा करून खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणाले. "तुजं चुकलं. जमीन हाय म्हनून लिवलंय त्यात."

असं का म्हणाले, याची कारणं मी आयुष्यभर शोधली. ती बरोबर आहे असं एकदा म्हटलं असतं, तर जागा तिची ठरली असती. तिनं मागितली नसती तरी मला तसं दिसत राहिलं असतं. आबांना सांगावं लागलं असतं, आबांना सरांना. सभागृह कुणाला हसलं, तेही मग उलटं झालं असतं. एवढा सगळा विचार मी त्या क्षणी केला असं नाही. तोंडातून ते सहज निघून गेलं.

तिनं मान हलवली. "वजनाचं मंग काय?" असं पुटपुटली, पण मला विचारलं नाही. आठ दिवसांनी त्यांचा कळप गेवराईकडे निघाला. बिऱ्हाड घोड्यावर बांधलेलं होतं. तीही गेली आणि शाळेत परत आली नाही.

वसतिगृहात मला काही कमी नव्हतं. तिथल्या वाचनालयात खगोलाची आणखी पुस्तकं मिळाली, आणि प्रत्येकात तेच लिहिलेलं होतं. मी तिला पत्र लिहायला घेतलं. पत्ता नव्हता हे खरं, पण कागद फाडला तो पत्ता नव्हता म्हणून नाही. बारावी झाले, पुढे शिकले, नोकरी लागली, लग्न झालं. गेवराईच्या बाजूला तिला दिलीय, हे मला आईकडून कळलं होतं. बऱ्याच वर्षांनी वर्तमानपत्रात तिचा फोटो पाहिला. मेंढ्या पाळणाऱ्या बायकांची लोकरीची सहकारी संस्था तिनं काढली होती. फोटोत ती मध्ये उभी होती, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघणारी. अंबाजोगाईहून एस.टी.नं काही तासांचा रस्ता. मी गेले नाही. दरवर्षी वर्गात मात्र "माझी एक मैत्रीण होती" असं सांगत राहिले. तिची गोष्ट सांगून मीच मोठी होत होते.

मग पुन्हा तसाच दुष्काळ पडला. माजलगावच्या धरणातसुद्धा चिखल उरला, आणि जागोजागी जनावरांच्या छावण्या उघडल्या. एका दुपारी ती माझ्या दारात आली. मी ओळखलं नाही असं झालं नाही, पाहताक्षणी ओळखलं. केस पांढरे झाले होते, खांद्याला कापडी पिशवी होती.

"म्याडम, वळख हाय का?" ती म्हणाली. "तुमच्याकडं काम घेऊन आले."

मी तिला आत घेतलं. स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं, चहा ठेवला. तिनं पिशवीतून कागद काढला. छावणीत गाई-बैल घेत होते, मेंढरं घेत नव्हते. संस्थेच्या बायकांची मेंढरं उपाशी मरत होती. त्यासाठी अर्ज लिहून हवा होता. माझा भाऊ आता आबांच्या जागी संचालक होता, तालुक्याला त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याच्या कानावर घालावं, एवढं तिचं मागणं.

मी अर्ज लिहिला. ती सांगत होती आणि मी लिहीत होते. एक मेंढरू दिवसाला किती खातं, गाईच्या मानानं किती कमी, ती अगदी मुद्द्याला धरून सांगत होती. मग एकदम थांबून म्हणाली, "पन हे असंच हाय का, तुमी बघा. माजं चुकत असंल."

"चुकत नाहीये तुझं," मी म्हणाले.

"न्हाई, बघा तरी. बैठकीतबी मी आधी सगळ्यांचं ऐकते. मला नुस्तं वाटतं, कळत न्हाई. लहानपनी एकदा लई हसं झालंतं माजं."

मी पेन खाली ठेवलं. तेव्हाच सांगितलं. पुस्तक त्याच संध्याकाळी पाहिलं होतं, ते पान दोनदा वाचलं होतं, तू बरोबर होतीस, आणि दारात मी तुला खोटं सांगितलं. एका दमात सांगितलं. चहा उतू गेला तो दोघींनाही दिसला, पण उठलं कुणीच नाही.

ती म्हणाली, "म्हंजे जमीन न्हाई?"

"नाही."

"मी तक्त्यावरनं काढलं ते बरोबर व्हतं?"

"सगळं बरोबर होतं. शनीचंही."

"मंग कावून न्हाई बोललीस?" आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडून तू आलं होतं. "जागा मी मागितली व्हती का?"

"नाही मागितलीस."

"बापानं इचारलं व्हतं मला. समदे हसले ते खरं का, म्हनला. मी म्हनले, खरं हाय, माजंच चुकलं. तवा तो म्हनला, मग कशाला ती शाळा. मलाबी पटलं ते." तिचा आवाज चढला नव्हता. "शाळा सुटली तेचं काय न्हाई. लई पोरींची सुटली त्या साली. पन मी चाळीस वर्सं सोताला येडं समजले."

मी चुकले, असं म्हणाले, पण तो शब्द मला ऐकतानाही फार लहान वाटला. ती उठली, शेगडी बंद केली, फडक्यानं ओटा पुसून घेतला. मग पुन्हा बसून म्हणाली, "आता सांग. जमीन न्हाई तर खाली काय हाय?"

मी तिला सांगितलं. वरचे ढग, खाली दाट होत जाणारा वायू, दाबानं होणारा द्रव, त्याहून खोल गेल्यावर धातूसारखा वागणारा हायड्रोजन. अगदी मध्ये जड भाग आहे, पण तोही दगडाच्या गोळीसारखा वेगळा नसून वरच्यात मिसळलेला असावा, असं आता वाटतं. तिनं विचारलं, एवढा मोठा असून फुगून विरून का जात नाही? मी म्हणाले, स्वतःच्या ओढीनं धरलेला असतो, आणि म्हणूनच चंद्रही त्याच्याभोवती फिरतात. फिरायला जमीन लागत नाही, भार लागतो.

"हेच त्या सरांना सांगायचं व्हतं," ती म्हणाली.

सर कधीच वारले होते. आबाही. मी म्हणाले, तू म्हणशील तिथे, म्हणशील त्यांच्यासमोर हे सांगते.

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे आता. ती म्हणाली, "माज्या बायांसमोर सांग. सोमवारी बैठक हाय."

सोमवारी मी गेले. तिच्या गावच्या समाजमंदिरात तीस-चाळीस बायका सतरंजीवर बसल्या होत्या. काही जणींच्या हातात सूत काढायची चाती होती, ती बोलतानाही फिरत होती. तिनं माझी ओळख करून न देता मला उभं केलं आणि म्हणाली, "ह्या बाईला काय सांगायचंय ते ऐका."

तीस वर्षं वर्गात बोललेली मी, पहिल्या दोन वाक्यांतच अडखळले. मग सांगत गेले. तक्ता, सभागृह, हसणं, आमचं दार, माझं खोटं. दोन-तीन चात्या थांबल्या. मागची एक म्हातारी म्हणाली, "त्या गुरूवर मानूस पडलं तर मंग कुठवर पडत जातं?" मी म्हणाले, तळाला पोचतच नाही, वाटेतच दाबानं संपतं. तिनं मान डोलावली. दुसरी एक तरुण बाई माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "आन ती जागा?"

"ती मी घेतली," मी म्हणाले.

संस्थेच्या चिटणीस बाई वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी अध्यक्षांना, म्हणजे तिला, विचारलं, "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

"घ्या," ती म्हणाली. "जसं बोलली तसं."

त्यांनी लिहिलं आणि वही माझ्यापुढे केली. मी सही केली. मग पुढचा विषय निघाला, चाऱ्याचा, आणि मला बसायला जागा करून दिली गेली.

भावाच्या मागे लागून मी तो अर्ज पुढे सरकवला. मेंढरांना चारा मंजूर झाला, पण सगळ्या छावण्यांत नाही, आणि तोवर अर्ध्याअधिक बायकांनी आपली मेंढरं मिळेल त्या भावात विकून टाकली होती. तिनं फोन करून तेवढं कळवलं. वेळेत झालं असतं तर बरं झालं असतं, म्हणाली. त्यानंतरही कधीमधी तिचा फोन येतो, संस्थेच्या कामासाठी. कधी मध्येच ग्रहांचं काही विचारते, आणि मी सांगितलेलं लगेच मान्य करत नाही, दोनदा फिरवून विचारते. झाल्या गोष्टीबद्दल तिनं मला पुन्हा काही म्हटलेलं नाही. माफ केलंस का, हे मीही विचारलेलं नाही.